चिमटीच्या लाइनी

चिमटी रागावली की डोळे मिटून घ्यायची. ऐकणाऱ्या माणसांना यात काही विशेष वाटणार नाही. पण जिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिने डोळे मिटले की समोरच्याचे बोलणेच संपते. तुम्ही हातवारे करा, ओठ ताणून ताणून बोला, कपाळ बडवून घ्या, तिच्या लेखी तुम्ही खोलीतून निघून गेलेले असता. आपण कानांत बोटे घातली तरी थोडेफार आत झिरपतेच. तिच्या पापण्यांच्या आत काही म्हणजे काही झिरपत नसे. आई म्हणायची, हिच्या दाराला कडी आतून आहे, आणि ती कधी काढायची ते हिच्याच मर्जीवर आहे.

चिमटी हे काही तिचे खरे नाव नव्हे. हाक मारता येत नसल्यामुळे लहानपणी ज्याचे लक्ष हवे त्याला ती सरळ चिमटा काढायची. दंडाला, पोटरीला, जिथे हात पोचेल तिथे. पाहुणे घरात आले की पाय वर घेऊनच बसत. तिथून ते नाव तिला चिकटले ते कायमचे.

आई मोठी श्रद्धाळू होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती दोन्ही मुलांना देवासमोर उभे करी. हात जोडा, डोळे मिटा. दादा, म्हणजे चिमटीचा दोन वर्षांनी मोठा भाऊ, गुणी बाळासारखा डोळे मिटून ओठ हलवायचा. चिमटीचे डोळे मात्र टक्क उघडे आणि हात सुटे. आईने समजावले, दटावले, एकदा पाठीत धपाटाही घातला. ही बया हलायला तयार नाही. शेवटी एके दिवशी तिने आईची हनुवटी धरून तिचे तोंड आपल्याकडे वळवले आणि खुणांनी सांगितले की हात जोडले म्हणजे माझे तोंड बंद होते आणि डोळे मिटले म्हणजे कान बंद होतात. मग मी देवाशी बोलू कशाने, आणि तो उलट काही म्हणाला तर मला कळावे कसे?

आईने डोळ्यांना पदर लावला आणि त्या दिवसापासून पोरीला मोकळे सोडले. चिमटी देवासमोर उभी राहून दोन्ही हातांनी भडाभडा बोलू लागली. त्यात मागणे कमी आणि गाऱ्हाणी जास्त. मध्येच शेजारी डोळे मिटून उभ्या असलेल्या दादाकडे बोट दाखवून त्याची चहाडीही होऊन जाई, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसे. शेजारच्या काकूंनी एकदा नाक मुरडले, म्हणाल्या, ही कसली पूजा. आई शांतपणे म्हणाली, देवाला सगळ्या भाषा येतात हो, त्याला कुणी दुभाष्या लागत नाही.

देवाला लागत नव्हता, पण बाकी जगाला लागत होता, आणि तो दादा झाला. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, जिथे जाईल तिथे दादा मध्ये उभा. लोक चिमटीकडे बघून दादाशी बोलत. हिला काय होतंय? हिला कुठला रंग आवडतो? दादा सांगे, आणि सांगता सांगता त्याला विचारायची सवयच राहिली नाही. बहिणीला काय हवे ते आपल्याला ठाऊक असते, असे त्याला मनापासून वाटे. पुष्कळदा ते खरेही असे. म्हणून तर अवघड होते. वाईट माणसाशी भांडता येते, जीव लावणाऱ्या माणसाशी भांडायचे तर आपल्यालाच चोरट्यासारखे वाटते.

चिमटीला बघायला एक स्थळ आले होते, तेव्हाची गोष्ट. मुलगा घड्याळे दुरुस्त करायचा, त्यालाही ऐकू येत नव्हते. माणसे बरी होती. मुलाच्या मामांनी विचारले, मुलीचं काय म्हणणं आहे? दादा ताबडतोब म्हणाला, तिला पसंत आहे. चिमटीने त्याच्या ओठांवरचे शब्द वाचले आणि पाहुण्यांच्या देखत डोळे मिटले. आधी त्यांना वाटले, मुलगी लाजते आहे. मग वाटले, झोपली. मग मामांनी हळूच विचारले, हिला फिट्स वगैरे येतात का? चहा गार झाला, पाहुणे गेले, तरी ही बसलेलीच. मुलगा कदाचित तिला आवडलाही असता, पण ते सांगण्याची संधी तिला कुणी दिलीच नाही. पुढे दादाने रागाने तिच्याशी अबोला धरला. बहिऱ्या बहिणीशी अबोला धरून तो काय मिळवणार होता, ते त्याचे त्यालाच माहीत.

दादाचे लग्न झाले आणि वहिनी आली, ही मात्र देवाची मोठी कृपा. वहिनी पहिल्याच महिन्यात नणंदेच्या खुणा शिकली, आणि दादाला उभ्या जन्मात जमल्या नाहीत इतक्या सफाईने शिकली. दादाच्या खुणा म्हणजे हात बांधून पोहणे. वहिनीच्या खुणांना चव होती. जेवताना दादा ताटात मान घालून बसला की या दोघींचे त्याच्या डोक्यावरून मजेत चालू असायचे.

चिमटी सरबताच्या कारखान्यात लागली तेव्हा विशीत होती. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, बुचे लावायची, खोक्यांत घालायच्या. रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना धडकत जात, त्याचा असा खणखणाट चाले की ऐकणारी माणसेही तिथे बहिरी होत. घसा फोडून ओरडले तरी शेजारच्याला कळत नसे. म्हणून तिथल्या मुकादमाने बऱ्याच बहिऱ्या मुली-मुलांना कामावर घेतले होते. म्हणायचा, बाहेरच्या जगात यांची अडचण, माझ्या इथे आपली. हळूहळू ऐकणारे कामगारही बहिऱ्यांकडून खुणा शिकले. पट्ट्याच्या या टोकाहून त्या टोकाला एकमेकांच्या सासवांची उणीदुणी निघत, आणि मुकादम मध्ये उभा असूनही त्याला त्यातले काही कळत नसे. शेवटी वैतागून तोही शिकला.

नव्या बहिऱ्या पोरांना शिकवायचे काम आपोआप चिमटीकडे आले, आणि तिथेच तिची त्या शब्दाशी गाठ पडली. शब्द इंग्रजी, पण आता घरातलाच. लाइन.

कारखान्यात जो तो लाइन म्हणायचा. बाटल्यांचा पट्टा म्हणजे लाइन. हजेरीला लावायची ती रांग म्हणजे लाइन. फरशीवर पिवळा रंग फासून ठेवला होता, त्याच्या पलीकडे यंत्राजवळ जायचे नाही, तीही लाइन. बाटलीच्या गळ्याशी सरबत जिथवर भरायचे ती खूण म्हणजे लाइन. वायरमन शिडीवर चढून ओरडायचा की लाइन चालू आहे, ती तर जीव घेणारी. ऑफिसातल्या बाई म्हणायच्या की साहेबांची लाइन लागत नाही, ती फोनची. नवा माणूस आला की मुकादम विचारायचा, आधी कुठल्या लाइनला होतास? आणि खोके भरणारी दोन पोरे कुजबुजायची की तो अमका तमकीला लाइन मारतो.

मुकादमाने सुरुवातीला नव्या पोरांसमोर फळ्यावर खडूने हा शब्द लिहिला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, कळले कुणालाच नाही. चिमटीने फडके घेऊन फळा पुसून टाकला आणि पोरांना हाताला धरून एकेका जागी नेले. पट्ट्यापाशी नेऊन तळवा सपाट धरून पुढे सरकवला. हजेरीच्या रांगेसाठी दोन्ही हातांची बोटे एकामागे एक उभी केली. पिवळ्या पट्टीपाशी हवेत आडवी रेघ ओढून पाय आपटला. डाव्या मुठीची बाटली करून तिच्या गळ्यावर उजवे बोट आडवे फिरवले. विजेच्या तारेसाठी दोन बोटांचे आकडे करून ते थरथरवले, आणि त्या वेळी चेहरा असा केला की एक पोरगी दोन पावले मागे सरली. हसत हसत फोनची खूण केली, आपल्या निकामी कानापाशी. कामधंद्याच्या लाइनसाठी बाह्या सरसावल्या. लाइन मारण्याची खूण पोरांना शिकवावी लागली नाही. ती त्यांनी स्वतःच तयार केली होती, त्यात एक भुवई पुरे होती.

वहिनीचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, लाइन लावायची आहे. दादाने बहिणीला सांगायला म्हणून रांगेची खूण केली. चिमटी बाहेर जाऊन रांग शोधत राहिली. परत आली तर वहिनीच्या मनगटापाशी सुई टोचून सलाइनची नळी लावलेली. तेव्हापासून मनगटाच्या मागे बोट टेकवायचे, ही आणखी एक लाइन झाली, आणि वहिनीने घरी आल्यावर नवऱ्याला सगळ्यात आधी ती शिकवली.

वर्षे गेली. चिमटीचे केस पिकले आणि गुडघे धरले. पट्ट्याशी दिवसभर उभे राहून संध्याकाळी घरी येताना तिला पायऱ्या चढवेनात. याच सुमाराला कारखान्यात नवे साहेब आले. तरुण, हुशार, वागायला चांगले. बहिऱ्यांबद्दल त्यांना कळकळ होती, खोटे कशाला बोला. त्यांच्या मनात आले की कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत बहिरे कामगार आहेत, प्रत्येक ठिकाणी खुणा वेगळ्या, नवे मुकादम गोंधळतात. तेव्हा कामाच्या शब्दांच्या खुणा ठरवून टाकायच्या. एका शब्दाला एक खूण. प्रत्येक भिंतीवर मोठी चित्रे लावायची, आणि शिकवण्यासाठी व्हिडिओ. चित्रांत आणि व्हिडिओत असणार चिमटी. ती होणार सगळ्या कारखान्यांची शिक्षिका. पट्ट्याशी उभे राहणे संपले, खुर्चीवर बसून काम.

साहेबांनी दादाला बोलावून घेतले. दादाला भरून आले. लाइन या शब्दाला पट्ट्याची, तळवा पुढे सरकवायची खूण ठरवली आहे, चालेल ना, असे साहेबांनी विचारले. दादा म्हणाला, चालेल की. तिच्या वतीने तो हो म्हणून आला, आणि येताना सगळ्यांसाठी मिठाई घेऊन आला.

ही बातमी चिमटीला सांगितली ती वहिनीने, भाजी चिरता चिरता. सुरी खाली ठेवून दोन्ही हातांनी सांगितली, आणि शेवटी विचारले की मिठाई खाणार आहेस का आधी भांडणार आहेस?

चिमटीने मिठाईचा पुडा दादाच्या पुढ्यात नेऊन ठेवला, न उघडताच. मग तिचे हात सुटले. दादाला तिचा वेग झेपेना, तेव्हा वहिनी तिचे बोलणे तोंडाने सांगत गेली. म्हणजे सांगणे वहिनीचे, पण धार नणंदेची.

"तुम्हाला एक शब्द ऐकू येतो म्हणून आम्ही आठ-दहा वस्तू एका खुणेत कोंबायच्या? आमच्या हातात तो एक शब्द कधी नव्हताच. पट्टा वेगळा, रांग वेगळी, तार वेगळी. मी पोरांना तार दाखवताना पट्टा दाखवू?"

दादा आधी समजुतीने बोलला. गुडघ्यांचे बोलला, म्हातारपणाचे बोलला. भिंतीवर तुझा फोटो लागेल, आपल्या घराण्यात आजवर कुणाचा लागला आहे का, म्हणाला. थोडे जमवून घ्यावे माणसाने, आत भिंतीवर काय लिहिले आहे ते कोण बघतो, तुम्ही आपापसांत वापरा की हव्या त्या खुणा. आणि मग त्याच्या तोंडून ते निघालेच.

"अगं, चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी तुझं बोलणं वाहतोय. माझा एक शब्द राखायला तुला काय होतं?"

वहिनीने हे खुणांनी सांगितले नाही. सांगायची गरजच नव्हती, भावाचे ओठ चिमटी लहानपणापासून वाचत आली होती. तिने सावकाश, दादालाही कळेल अशा संथ खुणांनी उत्तर दिले. वाहिलंस हे खरं. पण एकदाही विचारलं नाहीस. एवढे बोलून तिने डोळे मिटले. दादा तिच्या मिटलेल्या चेहऱ्यासमोर आणखी बराच वेळ बोलत राहिला. शेवटी वहिनीच म्हणाली, आता भिंतीशी बोलताय तुम्ही, जेवून घ्या.

व्हिडिओ काढायचा दिवस उजाडला. कॅन्टीनमधली टेबले बाजूला सारून पांढरा पडदा लावला होता, दोन प्रखर दिवे, कॅमेरा. बाजूला बाकांवर सगळे बहिरे कामगार बसवले होते, टाळ्या वाजवायला, म्हणजे हात वर करून बोटे हलवायला. ऐकणारेही कौतुकाने दारात गर्दी करून उभे. चिमटी इस्त्रीचे कपडे घालून आली होती. त्यामुळे दुभाष्या म्हणून आलेल्या दादाला वाटले, जमले. पण इस्त्री वहिनीने केली होती, आणि करताना नणंदेला म्हणाली होती की भांडायला जायचे तरी नीटनेटके जावे.

बाटली, बूच, खोके, सुट्टी, धोका, सगळ्या खुणा छान झाल्या. साहेब खूश. मग त्यांनी दादाकडे बघून म्हटले, आता लाइन. दादाने पट्ट्याची खूण करून दाखवली. चिमटीने कॅमेऱ्याकडे बघितले आणि सुरू केले. पट्टा, रांग, पिवळी पट्टी, बाटलीचा गळा, तार, फोन, बाह्या सरसावून धंदा, मनगटावरची नळी. शेवटी एक भुवई वर गेली, तेव्हा बाकांवर हशा उसळला, आणि कॅमेरावाल्याला काही न कळताही तो हसला.

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. दादाला म्हणाले, फार छान, पण आपल्याला एकच हवी आहे, पहिली. त्यांना सांगा. दादाने सांगितले. चिमटीने नकाराची मान हलवली. साहेबांनी पुन्हा सांगायला लावले. तिने पुन्हा मान हलवली. साहेबांचा आवाज थोडा चढला. म्हणाले, मग हे काम दुसऱ्या कारखान्यातल्या मुलीला द्यावे लागेल, हे त्यांना समजते आहे ना? दादाने तेही सांगितले.

चिमटीने सगळे शांतपणे बघून घेतले. मग ती समोरच्या खुर्चीवर बसली. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवले, ते जोडले आणि डोळे मिटले.

देवासमोर जिने कधी हात जोडले नव्हते तिने इथे जोडले, हे कॅन्टीनमध्ये फक्त दादाला कळले. ही विनवणी नव्हती. तोंड बंद, कान बंद.

बाकांवर आधी काही हलले नाही. मग बुचे लावणाऱ्या एका बाईने डोळे मिटले. तिच्या शेजारचीने मिटले. मागच्या बाकावरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितले आणि मिटले. बघता बघता सगळे बाक मिटून गेले. एवढी माणसे समोर बसलेली, पण बोलायला एकही नाही. दारात उभ्या ऐकणाऱ्यांत चुळबुळ झाली. मुकादमाने टोपी काढून हातात घेतली.

साहेबांनी दादाला विचारले, काय म्हणताहेत त्या?

दादाच्या जिभेवर नेहमीचे उत्तर तयारच असणार. थकली आहे, समजावतो, होईल तयार. साऱ्या जन्मात त्याने दुसरे काही केलेच नव्हते. पण त्याने बहिणीकडे बघितले, तिच्या जोडलेल्या हातांकडे बघितले, आणि म्हणाला, "ती काही म्हणत नाहीये, साहेब. तिने ऐकायचं थांबवलंय."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"तिने डोळे मिटले की मीही मुका. आणि तिच्या वतीने मी तुम्हाला हो म्हणालो होतो, ते तिला न विचारता म्हणालो होतो. तिला काय हवंय ते मला ठाऊक नाही. तुम्हीच विचारा."

साहेब गोंधळले. माणूस हट्टी नव्हता, पण समोर मिटलेल्या डोळ्यांच्या रांगा, आणि हाक मारायची तर कशी? मुकादम पुढे होऊन हळूच म्हणाला, खांद्याला हात लावायचा असतो साहेब, आणि मग वाट बघायची असते. साहेबांनी चिमटीच्या खांद्याला बोटे टेकवली आणि वाट बघितली. बराच वेळ बघावी लागली. मग चिमटीने डोळा उघडला. एकच.

साहेबांना कुठली खूण येत होती? त्यांनी नुसते दोन्ही तळवे पुढे पसरले, विचारल्यासारखे. तेव्हा तिने दुसरा डोळा उघडला, उठून त्यांचा हात धरला आणि त्यांची बोटे एकेक करून वळवली. पहिली लाइन, दुसरी लाइन, तिसरी. तारेच्या खुणेपाशी त्यांचा चेहरा पुरेसा घाबरलेला दिसेना, म्हणून तिने ती तीनदा करून घेतली. भुवईची मात्र त्यांना पहिल्याच झटक्यात जमली, आणि बाकांवर सगळे हात वर जाऊन बोटे हलली.

म्हणून सगळे गोड झाले असे नाही. वरच्या ऑफिसला एका शब्दाला एकच चौकट हवी होती, चित्रांसाठी रिकाम्या चौकटी आधीच छापून आल्या होत्या. साहेबांनी प्रयत्न केला, जमले नाही. दुसऱ्या कारखान्यातल्या मुलीची चित्रे सगळ्या भिंतींवर लागली, आणि शिक्षिकेची खुर्चीही तिलाच मिळाली. पण तिनेही लाइनची ती एक खूण करायला नकार दिला, असे पुढे कळले. कसे कुणास ठाऊक, बातमी तिथवर पोचली होती. त्यामुळे भिंतीवर लाइनची चौकट कोरीच राहिली. चिमटी अजून पट्ट्याशी उभी असते. मुकादमाने तिच्या जागी एक उंच स्टूल आणून ठेवले आहे, ते नियमात बसत नाही, आणि ते आणले कुणी असे विचारले की तो आपण ऐकलेच नाही असे दाखवतो.

व्हिडिओच्या त्या दिवशी दोघे भाऊबहीण घरी आली. संध्याकाळी चिमटी हातपाय धुऊन देवासमोर उभी राहिली. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी दोघांच्या उभे राहण्याच्या जागा त्याच होत्या. तिचे हात चालू झाले. दिवसभराचे साचलेले होते, बराच वेळ चालणार होते. मध्येच तिला शेजारी काहीतरी वेगळे जाणवले. बघते तो दादाचे हात जोडलेले, पण डोळे उघडे. तो देवाकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होता. लक्ष देऊन, एकेक खूण लावत, पहिलीतल्या मुलासारखा.

चिमटीने त्याच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. मग त्याच्याकडे पाठ करून ती आपले राहिलेले गाऱ्हाणे देवाला सांगू लागली.